जुळली, की जुळवलीस?

बारावीची परीक्षा संपल्यावर निकाल लागेपर्यंतच्या सुटीत मी एका घाऊक व्यापाऱ्याच्या दुकानी हिशेब लिहायला जात होते. दुकानात संगणक होता, पण तो जीएसटीच्या कामापुरता. मालकांचा जीव अजून कीर्द आणि खतावणीच्या लाल वह्यांत अडकलेला. महिनाअखेरीस मी तेरीज मांडली, तेव्हा नावेची बाजू जमेपेक्षा बरोबर ९०० रुपयांनी कमी भरली. दोन दिवस पाने उलटली, बेरजा पुन्हापुन्हा केल्या, काही सापडेना. तिसऱ्या दिवशी सहाची बस गाठायची होती. मी 'किरकोळ खर्च' या खात्यावर ९०० रुपये नावे टाकले आणि तेरीज जुळली. मालकांनी पाहून मान डोलावली.

रात्री जेवताना मोठ्या ऐटीत ही बातमी घरी सांगितली. माझे आज्जा निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत छत्तीस वर्षे दिवाणजी होते. त्यांनी ताटावरून मान वर न करता विचारले, "जुळली, की जुळवलीस?"

माझा चेहरा पाहून त्यांना उत्तर मिळाले. मग त्यांनी फरक किती होता ते विचारले. मी म्हटले, ९००. "नऊनं भाग जातो का बघ. जात असेल तर कुठंतरी आकडे उलटे पडलेत." दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात चूक सापडली. एका गिऱ्हाइकाला ५,४९० रुपयांचा माल उधार गेला होता आणि खतावणीत मी ४,५९० लिहिले होते. माझ्या जुळवलेल्या तेरजेवर विश्वास ठेवून मालकांनी वसुली केली असती, तर ९०० रुपये कायमचे बुडाले असते आणि वही मात्र स्वच्छ दिसली असती.

या प्रसंगाचा सॉफ्टवेअरशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध गेल्या दिवाळीत जडला. माझा मावसभाऊ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. फराळाच्या ताटाशी बसून तो सांगत होता की प्रोग्राममधल्या चुका शोधायला आणि दुरुस्त करायला आता माणूस बसवण्याची गरज उरणार नाही. शोध घेणारे अल्गोरिदम ते काम करतील. त्याच्या प्रोजेक्टचा विषयही तोच. मी ऐकत गेले आणि मला आज्जांचा प्रश्न आठवत राहिला. तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचते आहे. वाणिज्य शाखेच्या, मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने संगणकशास्त्रात नाक खुपसावे हा कोणाला आगाऊपणा वाटेल. माझे म्हणणे असे की या विषयाचा निम्मा भाग आमचाच आहे, आणि तो आम्ही निमूटपणे दुसऱ्यांच्या हाती देऊन बसलो आहोत.

आमच्या भागात शोधण्याला जुनी माणसे 'हुडकणे' म्हणतात. पुण्याकडच्या एका परीक्षक बाईंनी माझ्या निबंधातला हा शब्द एकदा लाल शाईने खोडला होता. याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारी माझी मैत्रीण म्हणते 'हुडुकु'. तेव्हा या लेखात मी हुडकणेच म्हणणार आहे. दोन्ही विभागांच्या वाचकांना तो शब्द आपला वाटेल.

आता हुडकायचे काय, ते पाहू. समजा बिले करणारा एक प्रोग्राम आहे. बेळगावहून कोल्हापूरला माल धाडायचा आणि कर धरून त्याची किंमत ५०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर ई-वे बिल काढावे लागते. नेमक्या ५०,००० च्या मालाला ते लागत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने घाईत 'पन्नास हजार किंवा जास्त' असे लिहिले, तर ती चूक फक्त एकाच आकड्यावर उघडी पडेल. पैशांसह धरले तर एक लाख रुपयांपर्यंतच एक कोटी रकमा होतात. डोळे मिटून त्यांतली एकेक रक्कम टाकत बसलो, तर नेमकी ५०,००० हाती लागण्याचा संभव कोटीत एक. आणि हा तर एकाच आकड्याचा खेळ झाला. संगणकात साठवायच्या आकड्यांचे एक नेहमीचे माप बत्तीस बिटांचे असते. असे दोन आकडे घेणारा प्रोग्राम सर्व जोड्यांनिशी तपासायचा म्हटले आणि सेकंदाला एक कोटी तपासण्या केल्या, तरी सुमारे ५८,००० वर्षे लागतील.

म्हणून आंधळेपणाने हुडकून चालत नाही. हुडकणाऱ्याला जवळ आलो की दूर गेलो हे सांगणारे काहीतरी लागते. प्रोग्राममध्ये 'रक्कम ५०,००० आहे का?' असा प्रश्न असेल तर त्याचे उत्तर नुसते हो किंवा नाही. शोधाचा अल्गोरिदम त्या प्रश्नाचे रूप बदलतो आणि विचारतो, किती अंतर राहिले? १२,३०० टाकले, अंतर ३७,७००. १३,३०० टाकले, अंतर ३६,७००. म्हणजे दिशा बरोबर आहे, असेच वर जायचे. अंतर वाढू लागले की मागे फिरायचे. थोड्याच पावलांत ५०,००० सापडतो. आज्जांचा नऊचा भागाकार हाच प्रकार होता. फरक आहे एवढे कळून काही उपयोग नाही; फरक कसा आहे यातून कुठे पाहायचे ते कळते. त्यांची दुसरी युक्ती अशी की फरक सम असेल तर त्याचा निम्मा आकडा वहीत शोधावा, कारण नावेची रक्कम चुकून जमेला गेली असेल तर फरक दुप्पट होतो. तंबाखूच्या वखारीत वापरली जाणारी ही विद्या आणि प्रयोगशाळेतली ती विद्या एका कुळातल्या आहेत, हे समजले तेव्हा मला फार गंमत वाटली.

या कल्पनेचे वय मात्र मावसभावाच्या उत्साहाइतके कोवळे नाही. १९७६ मध्ये वेब मिलर आणि डेव्हिड स्पूनर या दोन संशोधकांनी प्रोग्रामच्या तपासणीसाठी लागणारे आकडे अशाच रीतीने, अंतर कमी करत करत मिळवता येतात, असे दाखवले होते. त्यानंतर बराच काळ हे काम तुरळक चालले. २००१ मध्ये मार्क हार्मन आणि ब्रायन जोन्स यांनी या साऱ्याला 'सर्च बेस्ड सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' असे नाव दिले आणि म्हटले की तपासणीच कशाला, सॉफ्टवेअर बांधण्यातले कितीतरी प्रश्न हे मुळात हुडकण्याचेच प्रश्न आहेत. असंख्य पर्याय, त्यांतला चांगला कोणता ते ठरवणारे एक माप, आणि सगळे पर्याय पाहायला वेळ नाही, असे जिथे जिथे असेल तिथे ही रीत लावता येईल.

अर्थात 'दर पावलाला वर चढत जा' हा नियम नेहमी फळाला येत नाही. पावसाळ्यात धुके असताना येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे चढताना आम्ही एकदा एका टेकाडावर जाऊन बसलो होतो. चारी बाजूंनी उतार, म्हणजे गड आला असे समजून डबेही उघडले. धुके विरल्यावर गड समोर उभा. अल्गोरिदमचीही अशीच फसगत होते. त्यावर एक उपाय १९८३ मध्ये कर्कपॅट्रिक, जेलाट आणि वेक्ची यांनी सुचवला. उद्यमबागेत ज्यांचे वडील किंवा भाऊ कामाला आहेत त्यांना ठाऊक असेल की धातू तापवून हळूहळू थंड केला की त्यातला ताण निघून जातो. तसेच सुरुवातीला, 'गरम' असताना, शोधाला थोडे खालीही उतरू द्यावे, म्हणजे तो टेकाडावरून निसटतो. मग हळूहळू ही मोकळीक कमी करत न्यावी. दुसरा उपाय शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. चांगली कणसे बियाण्याला राखायची, त्यांचा संकर करायचा, क्वचित एखादा बदल आपोआप घडतो तो राहू द्यायचा आणि पिढ्यान्पिढ्या निवड करत राहायची. जॉन हॉलंड यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात हीच रीत संगणकासाठी मांडली. इथे कणसांच्या जागी उत्तरे असतात, एवढाच फरक.

वाणिज्य शाखेच्या मित्रमैत्रिणींसाठी एक उदाहरण मुद्दाम देते. एखाद्या कंपनीला सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती काढायची आहे. गिऱ्हाइकांनी शंभर सुधारणा मागितल्या आहेत, प्रत्येकीचा खर्च वेगळा, आणि अंदाजपत्रक मर्यादित. कोणत्या घ्यायच्या? वीसच सुधारणा असत्या तरी निवडीचे १०,४८,५७६ प्रकार होतात. शंभरांचे प्रकार लिहायला एकावर तीस शून्ये द्यावी लागतील. हा प्रश्नही २००१ मध्येच बॅग्नॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधाचा प्रश्न म्हणून मांडला. मर्यादित भांडवलात कोणते प्रकल्प निवडावेत, हे गणित आपण वर्गात सोडवतो; त्याचीच ही बहीण. पुढे खर्च कमी हवा आणि गिऱ्हाइकाचे समाधान जास्त हवे, अशी दोन मापे एकदम आली की एकच 'सर्वांत चांगले' उत्तर राहत नाही. तेव्हा ज्यांच्यापेक्षा दोन्ही बाबतींत सरस असे दुसरे काही नाही, अशा उत्तरांची रांग समोर मांडतात आणि तिला नाव आहे पारेतोचे. होय, अर्थशास्त्राच्या पुस्तकातले तेच विल्फ्रेदो पारेतो. आणि ही रांग काढण्याची जगभर वापरली जाणारी एक रीत कानपूरच्या आयआयटीत कल्याणमय देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तयार केली. त्यांचा लेख २००२ चा. मावसभावाला देब ठाऊक होते, पारेतो ठाऊक नव्हते. मला उलट. आम्ही दोघांनी त्या दिवशी एकमेकांना नमस्कार केला.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. तक्रार पुढे सुरू होते, जिथे यंत्र चुका शोधण्यावर न थांबता त्या दुरुस्तही करू लागते.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या वेस्टली वायमर, थानव्हू न्गुयेन, क्लेअर ल गूज आणि स्टेफनी फॉरेस्ट यांनी 'जेनप्रोग' नावाची पद्धत प्रसिद्ध केली. चुकीचा प्रोग्राम घ्यायचा, त्यातल्या ओळी इकडच्या तिकडे करायच्या, काही गाळायच्या, काही दुसरीकडून आणून घालायच्या, आणि कणसांसारखी निवड करत राहायची. जो प्रोग्राम ठरवलेल्या सर्व चाचण्यांत उत्तीर्ण होईल तो दुरुस्त झाला असे समजायचे. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केले की खऱ्याखुऱ्या सॉफ्टवेअरमधल्या १०५ दोषांपैकी ५५ दोष या रीतीने, दर दोषामागे सुमारे ८ डॉलर खर्चात, दुरुस्त झाले. जगात गाजावाजा झाला, आणि तो रास्तही होता; या लोकांनी एक नवे दार उघडले होते.

मग २०१५ मध्ये एमआयटीतल्या चार संशोधकांनी त्या दुरुस्त्या एकेक करून उघडून पाहिल्या. ज्या ५५ दोषांवर उपाय सापडला म्हटले होते, त्यांपैकी खऱ्या अर्थाने बरोबर दुरुस्ती फक्त २ दोषांची झाली होती. बाकीच्यांत बहुतेक ठिकाणी यंत्राने काय केले होते? जिथे चूक घडत होती तो भागच काम करेनासा करून टाकला होता. दुखणारा दात काढण्याऐवजी रुग्णाने तोंडच उघडू नये, अशी व्यवस्था केली म्हणा ना.

या क्षेत्रातली एक गोष्ट मला फार आवडते. आकडे चढत्या क्रमाने लावणारा एक प्रोग्राम बिघडला होता आणि तो दुरुस्त करायला यंत्राला दिला. चाचणी एवढीच होती की प्रोग्राममधून बाहेर येणारी यादी क्रमाने लावलेली असावी. यंत्राने उपाय काढला: प्रोग्रामने कोरी यादी परत द्यायची. कोऱ्या यादीत एकही आकडा जागा सोडून नसतो. चाचणी उत्तीर्ण!

वाचकहो, ही गोष्ट वाचली तेव्हा मी हसले आणि लगेच गप्प झाले. कारण कोऱ्या वहीची तेरीज नेहमी जुळते. नावे शून्य, जमा शून्य.

आपल्याला अकरावीतच शिकवतात की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असे नव्हे. एखादा व्यवहार अजिबात लिहिलाच नाही, तर तेरीज जुळते. यंत्राची खरेदी खर्चात टाकली, तरी जुळते. एका चुकीने दुसरी चूक भरून निघाली, तरी जुळते. परीक्षेत हा प्रश्न पाच गुणांसाठी हमखास येतो आणि आपण तो पाठ करून टाकतो. हिशेबनीसांनी कितीतरी पिढ्या ठेचा खाऊन मिळवलेले हे शहाणपण आहे, आणि सॉफ्टवेअरच्या जगाने ते आपल्या हिमतीवर पुन्हा एकदा, ठेचा खाऊनच, मिळवले. चाचण्यांचा संच ही प्रोग्रामची तेरीज आहे. तो जुळतो याचा अर्थ न जुळण्याइतकी चूक नाही, एवढाच. आणि जे यंत्र रात्रंदिवस न थकता जुळण्याच्याच मागे लागले आहे, ते खरी चूक शोधण्यापूर्वी किरकोळ खर्चाचे खाते शोधून काढणार, कारण ती वाट जवळची आहे. सहाची बस गाठायची घाई यंत्राला नसते. तरी वाट तीच.

अर्थशास्त्राच्या मुलांना इथे चार्ल्स गुडहार्ट आठवतील. बँक ऑफ इंग्लंडमध्ये सल्लागार असताना त्यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की एखाद्या आकड्याच्या आधारे नियंत्रण करू लागले की त्या आकड्याचा भरवसाच ढासळतो. आपल्या परीक्षांचे दुसरे काय झाले आहे? गाईडातले वीस 'अपेक्षित' प्रश्न पाठ करणारा विद्यार्थी हा एक उत्तम शोधाचा अल्गोरिदम आहे. त्याला जे माप दिले ते तो गाठतो. त्याला दोष देताना माप कोणी ठरवले ते आपण विचारत नाही. (मीही लेखापरीक्षण हा विषय याच मार्गाने पार केला आहे, हे येथे कबूल करते, संबंधित सरांनी क्षमा करावी.)

मावसभाऊ यावर म्हणाला, "ताई, तू २०१५ मध्ये अडकून बसलीस." त्याचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. माणसे लिहितात त्या चाचण्या तरी कुठे पुऱ्या असतात? २०११ मध्ये गॉर्डन फ्रेझर आणि आंद्रेआ आर्कुरी यांनी 'इव्होसूट' नावाचे साधन काढले; ते जावा भाषेतल्या प्रोग्रामसाठी चाचण्याही स्वतःच हुडकून लिहिते आणि माणसाला सुचणार नाहीत अशा कोपऱ्यांत शिरते. २०१८ मध्ये फेसबुकने आपल्या अ‍ॅपमधल्या चुका अशाच शोधयंत्राने पकडून त्यांवर उपाय सुचवणारे 'सॅपफिक्स' जाहीर केले. हे सगळे खरे आहे. पण इव्होसूट एखाद्या चाचणीत 'अपेक्षित उत्तर' म्हणून काय लिहिते, हे मी त्यालाच विचारले. थोडा घुटमळून तो म्हणाला, प्रोग्राम आज जे उत्तर देतो तेच. म्हणजे खतावणी बरोबर आहे की नाही हे खतावणीलाच विचारायचे! उद्या कोणी प्रोग्राम बिघडवला तर ही चाचणी ओरडेल, हा तिचा मोठा उपयोग; पण मुळातच ५०,००० ला ई-वे बिल मागणारा प्रोग्राम असेल, तर ती चूकच पवित्र मानून पुढे जपली जाईल. नियमात 'पेक्षा जास्त' लिहिले आहे, हे वाचणारे कोणीतरी लागते. आणि सॅपफिक्समध्येही उपाय स्वीकारायचा की नाही, हा अखेरचा निर्णय माणसाकडेच ठेवला होता.

आता तर साध्या भाषेत सांगितले की प्रोग्राम लिहून देणारी यंत्रे आली आहेत. चाचण्या उत्तीर्ण कर म्हटले, तर नेमक्या त्या चाचण्यांपुरतीच उत्तरे लिहून ठेवण्याची लबाडी त्यांनी केल्याचे त्यांच्या निर्मात्यांनीच नोंदवले आहे. लबाडी हा शब्द माणसाचा. यंत्राने फक्त सांगितलेले माप गाठले.

तेव्हा माझे मत असे आहे. हुडकण्याचे काम यंत्राला खुशाल द्यावे. ते आपल्यापेक्षा चांगले हुडकते आणि कंटाळत नाही. पण काय सापडले म्हणजे सापडले म्हणायचे, हे ठरवण्याचे काम वेगळे आहे आणि ते वेगळ्या माणसाने करावे. हिशेब लिहिणारा आणि तपासणारा एक नसावा, हा आमच्या विषयातला पहिला धडा. रोकड तपासायला येणारा माणूस आधी निरोप पाठवून येत नाही. तसेच दुरुस्ती हुडकणाऱ्या यंत्राला काही चाचण्या दाखवाव्यात आणि काही झाकून ठेवाव्यात. झाकलेल्यांत ते उत्तीर्ण झाले तरच दुरुस्ती मानावी. संशोधकही आता असे करू लागले आहेत. झाकून ठेवायच्या चाचण्या कोणी लिहायच्या? ज्याला तो व्यवहार माहीत आहे त्याने. व्याजाचा प्रोग्राम असेल तर पतसंस्थेत बसणाऱ्याने, बिलाचा असेल तर दुकानात बसणाऱ्याने.

हे मी नुसत्या तत्त्वासाठी म्हणत नाही. माझ्या एका मैत्रिणीचे आडनाव दहावीच्या गुणपत्रिकेवर कन्नड उच्चारावरून इंग्रजीत उतरले आहे आणि आधार कार्डावर मराठी उच्चारावरून. एका अक्षराचा फरक. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना संगणकाने दोन्ही नावे ताडून पाहिली, जुळली नाहीत, अर्ज परत. तिने तीन खेपा घातल्या, प्रतिज्ञापत्र केले, तोवर मुदत संपली होती. तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने तपासणी केली नसेल असे मी म्हणणार नाही; बहुधा त्याच्या साऱ्या चाचण्या हिरव्या झाल्या असतील. पण ज्या गावात एकाच माणसाचे नाव दोन लिप्यांतून फिरून इंग्रजीत येते, त्या गावाची एकही चाचणी त्याच्या यादीत नसावी. यंत्र ती स्वतः कुठून हुडकणार? असे गाव आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. या सभागृहात, या वर्गांत, दोन भाषा रोज तोंडात खेळवणारे आपण शेकडो जण बसतो, आणि आपल्याला वाटते की संगणकाच्या बाबतीत आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नाही.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती. वाणिज्य शाखेच्या मुलांना संगणकाच्या तासाला कोणते बटण दाबावे हे शिकवतात. ते हवेच. पण वर्षातून एकदा तरी संगणकशास्त्राच्या आणि आमच्या वर्गाला एकत्र बसवून एखाद्या लहानशा प्रोग्रामच्या चाचण्या आमच्याकडून लिहून घ्याव्यात, मराठीत लिहू द्याव्यात, कन्नडमध्ये लिहू द्याव्यात. 'गिऱ्हाइकाने असे केले तर काय व्हायला हवे?' एवढाच तर प्रश्न असतो. त्याला इंग्रजी लागत नाही. दुकान पाहिलेले असावे लागते.

आमच्या घरी याची सुरुवात झाली आहे. मावसभावाच्या प्रोजेक्टमधला प्रोग्राम लहान दुकानदारांसाठी बिले करतो, आणि त्यातल्या चुका हुडकायला त्याने आपले यंत्र लावले आहे. झाकून ठेवायच्या चाचण्या लिहायचे काम त्याने माझ्याकडे दिले. नेमके ५०,००० ही पहिली. उधारीवर अर्धी रक्कम आधी आली तर, ही दुसरी. महिनाभरात एकतीस झाल्या. गेल्या रविवारी त्या मी आज्जांना वाचून दाखवल्या. त्यांनी डोळे मिटून सगळ्या ऐकल्या आणि विचारले, "गिऱ्हाईक माल परत घेऊन आला, आणि मधल्या काळात दर बदलला असेल तर? पैसे कुठल्या दरानं देणार तुमचं यंत्र?"

ती आम्हा दोघांच्याही यादीत नव्हती. बत्तिसावी म्हणून लिहून घेतली.